शाळेत अर्थशास्त्र रुजवायचंय? मग पगारपत्रकापासून सुरुवात करा

नववी-दहावीच्या मुलांना अर्थशास्त्राची गोडी लावायची म्हणून शाळेची पायरी चढणारे साधारण तीन प्रकारचे लोक भेटतात. नुकतेच एम. ए. झालेले उत्साही तरुण, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी आणि अकरावी-बारावीला हा विषय शिकवणारे प्राध्यापक. आपल्याकडे येणारी मुलं ‘सोपा विषय आहे, गाईड वाचून निघतो’ एवढंच ऐकून आलेली असतात, हे यातल्या प्राध्यापकांचं जुनं दुखणं. तिघंही सुरुवात मात्र एकाच ठिकाणाहून करतात: फळ्यावर अर्थशास्त्राची व्याख्या. दहाव्या मिनिटाला मागचा बाक खिडकीबाहेर बघायला लागतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या, त्यातही मराठी माध्यमाच्या शाळांत काम करू पाहणाऱ्यांसाठी आहे. गावाकडची माध्यमिक शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण शहरातही यातलं बरंचसं जसंच्या तसं चालेल.

आधी विषय कुठे आहे ते बघा

राज्य मंडळाच्या सध्याच्या अभ्यासक्रमात दहावीपर्यंत अर्थशास्त्र हा वेगळा विषय नाही. नववीच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘अर्थशास्त्राशी परिचय’ आणि ‘व्यापार’ ही प्रकरणं आहेत. दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करत जातं, त्यात ‘अर्थव्यवस्था व व्यवसाय’ येतं. म्हणजे हा विषय शिकवतात भूगोलाचे सर किंवा बाई. त्यांची पदवी भूगोलाची असेल, इतिहासाची असेल. अर्थशास्त्राची असेलच असं नाही. शिवाय ही प्रकरणं पुस्तकाच्या शेवटाकडे आहेत. तिथे पोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि ‘महत्त्वाचे प्रश्न लिहून घ्या’ यावर भागतं. शिक्षकांना बोल लावण्यात अर्थ नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यातून जो वेळ उरतो त्यात ते शिकवत असतात.

अकरावी-बारावीला स्वतंत्र विषय आहे: ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व प्रकल्पाचे. हे २० गुण लक्षात ठेवा. पुढे सांगितलेले बहुतेक उपक्रम त्या प्रकल्पांत बसतात, आणि ‘हे अभ्यासक्रमात कुठे आहे?’ या प्रश्नाला शाळेत फार वजन असतं.

वह्या-पेन्सिली घेऊन निघण्याआधी ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. फुकट मिळतात. मुलांसमोर शब्द वापराल ते याच पुस्तकातले वापरा. मागणी, पुरवठा, निर्देशांक, सीमान्त उपयोगिता हे शब्द त्यांना परीक्षेत लिहायचे आहेत; तुम्ही इंग्रजी शब्द फेकलेत तर त्यांच्या डोक्यात दोन वेगळे विषय तयार होतात.

पहिली बैठक शिक्षकांची

मुलांपर्यंत जायची घाई करू नका. तुम्ही महिन्यातून एकदा याल. भूगोलाच्या बाई रोज आहेत. त्यांना विषय आपला वाटला तरच तो शाळेत टिकतो. आणि शिक्षकांना प्रशिक्षण म्हटलं की आधीच कंटाळा आलेला असतो, म्हणून ‘प्रशिक्षण’ हा शब्दच टाळा. मधल्या सुट्टीनंतरची अर्धा-पाऊण तासाची बैठक ठेवा आणि प्रत्येकाला आपलं पगारपत्रक सोबत आणायला सांगा. मूळ वेतनाचे आकडे झाकून ठेवले तरी चालतील.

त्या कागदावर कपातीच्या रकान्यात एक नोंद हमखास सापडते: व्यवसाय कर २०० रुपये. फेब्रुवारीत तो ३०० होतो. का? वर्षाची बेरीज २५०० व्हावी म्हणून. अकरा महिने २०० म्हणजे २२००, वर ३००. आणि २५०० च का, तर संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने या कराला माणशी वर्षाला तेवढीच मर्यादा घातली आहे. वर्षानुवर्षं कापला जाणारा हा पैसा मुळात कशासाठी सुरू झाला, हे विचारलं की खोली शांत होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं खडी फोडायला गेली. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्या खर्चाची सोय म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम, असा तो व्यवहार होता. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा आला तो पुढे २००५ साली. सार्वजनिक आयव्यय, म्हणजे सरकारचा जमाखर्च, हे प्रकरण यापेक्षा जवळून दाखवता येईल असं मला वाटत नाही.

दुसरी नोंद महागाई भत्त्याची. तो किती वाढला हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ असतं. कशावरून वाढला हे सांगणारे कमी. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे ठरावीक वस्तूंच्या किमती एका पायावर्षाच्या तुलनेत किती वाढल्या ते सांगणारा आकडा, केंद्राचा श्रम ब्यूरो दर महिन्याला काढतो, सध्याच्या मालिकेचं पायावर्ष २०१६. जानेवारी आणि जुलैच्या भत्त्याचा हिशोब त्यावर बेतलेला असतो. निर्देशांक हे बारावीतलं सगळ्यात रुक्ष समजलं जाणारं प्रकरण. पण भत्त्याच्या वाटेने आत शिरलात तर गणिताचे सरही खुर्ची पुढे ओढतात.

पहिल्या बैठकीत एवढंच पुरे. निघताना एका शिक्षकाला किंवा बाईंना विचारा, ‘पुढच्या वेळी वर्गात खेळ घ्यायचाय, तुम्ही फळ्यावर नोंद कराल का?’ हो म्हणणारी व्यक्ती हीच तुमची त्या शाळेतली खरी सोबतीण किंवा सोबती.

मुख्याध्यापकांची परवानगी

एका पानाचा अर्ज पुरतो. कोणता वर्ग, किती तासिका, शाळेला खर्च शून्य, आणि पाठ्यपुस्तकातलं कुठलं प्रकरण. बस्स. दहावीचा वर्ग मागू नका. तो कुणी देत नाही आणि द्यायलाही नको. आठवी, नववी आणि अकरावी मागा. आठवीसाठी शनिवारची वेळ सहज निघते. जूनमध्ये प्रवेशांची गडबड असते, दिवाळीआधी सत्र परीक्षा आणि जानेवारीत स्नेहसंमेलन. म्हणून जुलै-ऑगस्ट आणि दिवाळीनंतरचे सहा-सात आठवडे, एवढाच काळ आपला समजा.

बाजाराचा खेळ

सगळ्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. हार्वर्डमध्ये एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गात असा बाजार भरवून पाहिला होता, त्याचा वृत्तान्त १९४८ चा. त्यांच्या वर्गात बसलेले व्हर्नन स्मिथ यांनी १९५६ पासून तो सुधारून आपल्या विद्यार्थ्यांवर केला आणि २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. साहित्य म्हणाल तर जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले वीस तुकडे.

वीस मुलं घ्या, बाकीची प्रेक्षक. दहा विक्रेते, दहा खरेदीदार. माल कांदा, प्रत्येकाने एकच किलोचा व्यवहार करायचा. खरेदीदारांच्या कार्डांवर लिहा: ३०, २८, २६, २४, २२, २०, १८, १६, १४, १२. ही ज्याची त्याची कमाल मर्यादा. त्याहून जास्त द्यायचे नाहीत. विक्रेत्यांच्या कार्डांवर: ८, १०, १२, १४, १६, १८, २०, २२, २४, २६. हा त्यांचा खर्च. त्याहून कमीत विकायचं नाही. कार्ड कुणाला दाखवायचं नाही. वर्गाच्या मधोमध यायचं, मोठ्याने भाव बोलायचा, पटला की दोघांनी फळ्याजवळच्या बाईंना दर सांगून बाजूला व्हायचं. एका फेरीला पाच मिनिटं.

शेजारच्या वर्गाला आधी कल्पना द्या, कारण आवाज होणारच.

पहिल्या फेरीत दर कसेही विखुरतात. कुणी १२ ला विकून बसतो, कुणी २७ ला घेतो. फळ्यावरचे दर सगळ्यांना दिसतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत ते १८ ते २० च्या आसपास गोळा होऊ लागतात आणि सहाच्या आगेमागे सौदे होतात. कुणी ठरवलेलं नसतं. आता कार्डं उघडी करा आणि फळ्यावर दोन उतरंडी मांडा: खरेदीदार वरून खाली, विक्रेते खालून वर. सहाव्या जोडीला खरेदीदार २० चा आणि विक्रेता १८ चा, म्हणून सौदा होतो. सातव्या जोडीला उलटं, १८ आणि २०, म्हणून अडतो. मागणी-पुरवठ्याचा तो प्रसिद्ध छेदबिंदू मुलांनी स्वतः ओरडून शोधलेला असतो. आकृती यानंतर काढा, आधी नको.

एक काळजी घ्या: दर फेरीला कार्डं पिसा. १२ चा खरेदीदार आणि २६ चा विक्रेता यांचा सौदा सहसा होत नाही. तेच कार्ड सलग आलं तर मूल रुसतं.

आता खरी गंमत. चौथ्या फेरीत जाहीर करा, ‘सरकारने भाव बांधला, १४ रुपयांच्या वर विकायचं नाही.’ विकायला तयार उरतात फक्त चार: ८, १०, १२ आणि १४ चे. घ्यायला मात्र नऊ जण उभे. कांदा कुणाला मिळतो? बघत राहा. मैत्रिणीला आधी मिळतो. जो दांडगाई करून पुढे घुसला त्याला मिळतो. कुणीतरी कानात ‘वरचे चार नंतर देतो’ म्हणतं. ३० रुपये मोजायला तयार असलेली मुलगी रिकाम्या हाताने परतते आणि १४ ची मर्यादा असलेला घेऊन जातो. काळाबाजार आणि वशिला यांवर व्याख्यान द्यायची गरजच उरत नाही.

मग उलट करा: २४ च्या खाली विकायचं नाही. घेणारे चार, विकणारे नऊ, पाच किलो पडून. ‘कांद्याला हमीभाव नसतोच, सर’ असं शेतकऱ्याचं एखादं पोर लगेच सांगेल. बरोबर आहे, त्याला दाद द्या आणि मालाला तूर म्हणा, तुरीला असतो. मग एका मुलाला सरकार करा आणि उरलेला पाच किलो माल २४ ने घ्यायला लावा. १२० रुपये लागले. ते कुठून आणणार? माल ठेवणार कुठे? भाव जाहीर करणं आणि प्रत्यक्ष खरेदी करणं यातलं अंतर नववीतल्या मुलांना इथे कळतं. मोठमोठ्या चर्चांत ते अनेकदा निसटतं.

शेवटची फेरी निर्यातबंदीची. ३०, २८ आणि २६ ची कार्डं काढून घ्या. हे परदेशी गिऱ्हाईक. उरलेल्यांचा हिशोब मांडला तर भाव १६ वर येतो आणि सौदे पाच. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ ला उठवली, निर्यातशुल्क ठेवून. नाशिक, नगर, पुणे भागातल्या मुलांना तो हंगाम घरच्या बोलण्यातून माहीत असतो. आता विचारा: या फेरीत कुणाचा फायदा झाला, कुणाचा तोटा? विक्रेत्यांची पोरं एका बाजूला, विकत घेऊन खाणाऱ्यांची दुसऱ्या बाजूला. दोघांनाही बोलू द्या आणि तुमचा निकाल तुमच्यापाशी ठेवा. शाळेत हा विषय नेणाऱ्याने कुठल्या पक्षाचं धोरण बरोबर हे सांगायचं नाही. निर्णयाचे परिणाम कुणाकुणावर होतात ते मोजायला शिकवायचं. एवढी एक शिस्त पाळलीत तर पालकांची तक्रार येत नाही.

दुकानात पाठवा, पण घरचं उत्पन्न विचारू नका

खेळानंतरच्या आठवड्यात मुलांना भाव टिपायला लावा. ठरावीक दुकान, ठरावीक वार, दहा-बारा वस्तू, दोन महिने. घरात किती कमावतात, किती खर्च होतो हे चुकूनही लिहून मागू नका. वर्गात सगळ्या आर्थिक थरांतली मुलं असतात आणि तो कागद हातोहात फिरतो.

मग साधा प्रश्न: कांदा दुप्पट महागला आणि दूध फक्त दहा टक्क्यांनी, तर घराला जास्त झळ कशाची? मुलं कांदा म्हणतात. एका काल्पनिक कुटुंबाचा हिशोब मांडा: शंभरातले २ रुपये कांद्यावर, २० रुपये दुधावर. कांदा दुप्पट झाला, खर्च २ रुपयांनी वाढला. दूध दहा टक्क्यांनी वाढलं, खर्च तेवढ्याच २ रुपयांनी वाढला. भारांकन म्हणजे काय ते झालं. २०१२ पायावर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेयांचा भार ४५.८६ टक्के होता, हा आकडा आता त्यांना बोलका वाटेल.

पाच रुपयांचे बिस्किटपुडेही छान कामाला येतात. किंमत वर्षानुवर्षं पाचच. वजन बघायला सांगा. जुनं वेष्टन कुणाच्या तरी घरी, वहीत खूण म्हणून घातलेलं सापडतं. वहीचंच बघायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला. मग किंमत १२ टक्क्यांनी उतरायला हवी का? नाही. शंभराची वही करासह ११२ ला होती, ती १०० ला आली तर घट १०.७ टक्के. टक्केवारीचा हा सापळा गणिताच्या तासालाही देऊन टाका. प्रत्यक्षात गावातल्या दुकानात किती उतरली, हे मुलांनी शोधून आणावं.

एकदा तरी बाहेर न्या

बाजार समिती जवळ असेल तर सकाळी लिलावाच्या वेळी. आवक किती, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर किती, हे फलकावर असतं आणि कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही रोज येतं. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीवर हमाली, तोलाई वजा होऊन हातात काय पडतं ते बघायला द्या, नाव झाकून. बाजार समिती लांब असेल तर दूध संकलन केंद्र चालेल. फॅट आणि एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून इतर घन पदार्थ) दर कसा बदलतो, ही पावती तर बऱ्याच मुलांच्या घरीच असते.

ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प बघायला मिळाला तर उत्तम. सरपंच किंवा ग्रामसेवक यांना आधी भेटा, अचानक तीस मुलं घेऊन गेलात तर ‘चौकशी आली’ असं वाटतं. घरपट्टी, पाणीपट्टी किती जमते आणि वित्त आयोगाचा निधी किती येतो, एवढीच तुलना करायला लावा.

शेअरबाजारवाल्यांपासून सावध

तुमचा उपक्रम जरा गाजला की कुणीतरी ‘आर्थिक साक्षरता’ शिकवायला येतो म्हणतं आणि तासाच्या शेवटी डीमॅट खात्याचा अर्ज किंवा विम्याची योजना बाहेर काढतं. स्पष्ट नाही म्हणा. बचत, व्याज, फसवणुकीपासून बचाव हे मुलांना शिकवायलाच हवं; चक्रवाढ आणि बचत गटाचं महिना दोन टक्के व्याज वर्षाला किती होतं हे तर नक्कीच. पण स्वतःचे पैसे सांभाळणं आणि समाजातले व्यवहार समजून घेणं हे दोन वेगळे अभ्यास आहेत. पहिल्याच्या नावाखाली दुसरा गिळला जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहतो.

आर्थिक साक्षरतेसाठी विश्वासार्ह साहित्य हवं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पुस्तिका आहेत, आणि फेब्रुवारीच्या सुमारास बँक आर्थिक साक्षरता सप्ताहही पाळते. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र ही रिझर्व्ह बँक, सेबी, विमा आणि निवृत्तिवेतन या चार नियामकांनी मिळून उभी केलेली संस्था. नवी मुंबईत आहे. शाळकरी मुलांसाठी परीक्षा आणि शिक्षकांसाठी कार्यशाळा घेते. इथे कुणी काही विकत नाही, हे महत्त्वाचं.

पुढच्या वर्षाची तजवीज

पहिलं वर्ष पार पडलं की तालुक्यातल्या आणखी दोन-तीन शाळांच्या भूगोल शिक्षकांना बोलवा आणि बाजाराचा खेळ त्यांच्यावरच घ्या. यजमान शाळेच्या बाईंनी घ्यावा, तुम्ही मागे बसा. शिक्षकांत सौदा करताना होणारी घासाघीस मुलांपेक्षा चिवट असते. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनाही निमंत्रण द्या. त्यांना पुढच्या वर्षीचे विद्यार्थी इथूनच मिळणार आहेत. मराठीतून वाचू इच्छिणाऱ्या शिक्षकांना मराठी अर्थशास्त्र परिषदेची ओळख करून द्या. पुण्याजवळ असाल तर १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत अकरावीच्या मुलांची एक भेट ठरवता येते का बघा. धनंजयराव गाडगीळ तिथले पहिले संचालक. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांसोबत हा अभ्यासक माणूस होता. उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना हे नातं सांगितलं की संस्था परकी वाटत नाही.

स्पर्धांच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका. आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र ऑलिंपियाड २०१८ पासून होतं, एखादं चमकदार पोर असेल तर त्याला जरूर सांगा. पण ते सगळं इंग्रजीतून असतं आणि एका मुलाच्या तयारीत चाळीस मुलांचा तास जातो.

राज्याची आर्थिक पाहणी अर्थसंकल्पाच्या आधी, साधारण मार्चमध्ये येते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती मराठीतही काढतं आणि ती फुकट उतरवता येते. तेव्हा शाळेत परीक्षांची धामधूम असते, म्हणून तेव्हा फक्त उतरवून ठेवा. आपल्या जिल्ह्याचे आकडे असलेली चार-पाच पानं छापून घ्या आणि जुलैत, नव्या नववीच्या पहिल्या तासाला, लग्नपत्रिकेच्या कार्डांच्या पिशवीसोबत भूगोलाच्या बाईंच्या हातात द्या.